पाचवीचा दिवा

नंदुरबारच्या आमच्या सूतिकागृहात खाटा होत्या, धुतलेल्या चादरी होत्या, पुण्याहून बाळंतपणाचं काम शिकून आलेली मी होते. नव्हत्या त्या फक्त बाळंतिणी! सूतिकागृह चालवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांनी एक दिवस सांगून टाकलं, "बाई, होळीपर्यंत बघू. नाहीतर कुलूप." कुलूप लागलं की माझी रवानगी दिराच्या स्वयंपाकघरात, हे ठरलेलंच होतं. नवरा गेलेल्या बाईला दुसरं कोण विचारतंय?

मी दारोदार हिंडले. बाया चहा पाजायच्या, गोड बोलायच्या आणि घरीच बाळंत व्हायच्या. मला असा संताप यायचा!

मग एका दुपारी धानोऱ्याची एक सासू अडलेल्या सुनेला गाडीत घालून घेऊन आली. घरच्या सुईणीने हात टेकले होते. देवाची कृपा, पोरगी झाली आणि दोघी सुखरूप राहिल्या. बाहेर जाऊन मी सासूला आनंदाने सांगितलं आणि मंडळाचा नियमही ऐकवला: सून दहा दिवस इथेच, आणि घरच्यांनी आत यायचं नाही. झालं! म्हातारीने अंगणातच मला फैलावर घेतलं.

"दहा दिन आठे? मंग पाचवी कोठे पुजू? तुन्हा डोकावर?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पाचव्या दिवशी सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहायला येते. बाळंतिणीच्या खोलीत पाटा मांडून, दिवा लावून सासूने तिला पूजायचं, हा इथला घरोघरचा रिवाज. आमच्याकडे येणं म्हणजे लेकराचं कपाळ कोरं ठेवणं. मग कोण मरायला येणार होतं?

तशीच अध्यक्षांकडे गेले. "दवाखाना आहे की देऊळ?" ते कडाडले.

"मग रिकाम्या खाटांचीच पूजा करत बसू का?" मीही काही ऐकून घेणारी नव्हते.

आधी ते भडकले, मग हसायला लागले. त्यांचं भलं होवो, नियम बदलला. घरची एक बाई आत राहील, पाचवी इथेच होईल. हात साबणाने धुवायचे आणि खोलीत धूर करायचा नाही, या अटी माझ्या.

पाचव्या दिवशी म्हातारीने कुरकुरत हात धुतले आणि सुनेच्या खाटेशी पाटा मांडला. मी सवयीने बाहेर निघाले. अशा वेळी माझ्यासारखीने समोर थांबायचं नसतं, हे मला कुणी सांगावं लागत नव्हतं. तेवढ्यात तिने माझं मनगट धरलं.

"कोठे चालनी वं बाई? पोरले पहिला हात तुन्हा लागना. दिवा तूच लाव."

पहिली काडी ओढली, ती विझलीच. म्हातारीने वाऱ्याला पदर आडवा धरला, तेव्हा दुसरी पेटली.

होळी आली तेव्हा खाटा भरलेल्या होत्या, कुलपाचं नावही कुणी काढलं नाही. लोक म्हणतात, बाई, तुम्ही सूतिकागृह वाचवलंत. मी हसते. त्या पदराआड कोण वाचलं, ते माझं मला ठाऊक आहे.