लूमवरची बोली

मानसोपचार केंद्रात दुखणं घेऊन येणाऱ्यांपेक्षा त्यांना बोलतं करणाऱ्यांचंच उज्ज्वलाला जास्त कुतूहल. डॉक्टर भूपेंद्रभाई गोळ्यांबरोबर श्वासाचे व्यायाम देत. त्यांच्या वडिलांचा कतारगामात आखाडा होता. सरलाबाई आधी शाळेत शिकवत, म्हणून मनाच्या दुखण्यालाही गृहपाठ देत. मग आपल्याकडे देण्यासारखं काय, असं तिच्या मनात येई. पुण्याचं समुपदेशनाचं शिक्षण होतंच, पण त्याआधी इथलीच कामगारवस्ती, लिंबायत, होती. वडील तिथे लूमवर, यंत्रमागावर, कामाला. शाळा सुटली की त्यांचा डबा घेऊन ती कारखान्यात जाई.

पंच्याण्णवच्या उन्हाळ्यात नवागामची कलाबाई लूमवर कामाला असलेल्या नवऱ्याला, उखाला, घेऊन आली. आदल्या वर्षी प्लेगच्या भीतीने सगळे गावी पळाले, परत आले, आणि दिवाळीनंतर उखाचा आवाजच गेला. घसा ठणठणीत होता. भूपेंद्रभाईंनी श्वास घ्यायला लावला, सरलाबाईंनी पाटी पुढे ठेवली. उखा नुसता बघत राही. कलाबाई इरेला पेटली होती. हा बोलला नाही तर पोरं घेऊन कायमची गावी जाणार, भिंतीशी किती दिवस संसार करायचा, म्हणे.

मग उज्ज्वलाची पाळी आली. तिने मनात कुलदेवी कानबाईचं नाव घेतलं, उखासमोर बसली आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवून विचारलं, ‘जेवलात का?’

लूमच्या खडखडाटात कामगार असंच बोलतात; डबा पोचवता पोचवता तीही ते शिकली होती. उखा चमकला. मग त्याचेही ओठ हलू लागले, भरभर. कलाबाई पोरांना घेऊन आधीच गावी गेली होती. पळापळीच्या दिवशी खोलीवर धाकटा भाऊ रघुनाथ तापाने पडला होता. तिकिटं काढून येतो, सांगून उखा निघाला तो खोलीवर परत गेलाच नाही. शेजाऱ्यांनी रघुनाथला वाचवलं. आता तो धुळ्याला असतो आणि दिवाळीलाही यांच्याकडे फिरकला नाही.

कलाबाई कधी लूमवर गेलेली नव्हती. तिला एक अक्षरही कळेना.

“काय म्हनी ऱ्हायना ताई?”

सांगून टाकावं, असं उज्ज्वलाच्या अगदी जिभेवर आलं होतं.

“मी नाही सांगणार. उखाभाऊ, तुम्हीच सांगा. वहिनींना ओठ वाचता येत नाहीत.”

उखा कलाबाईकडे वळला. घोगरा, तुटका आवाज आला.

“रघुले मी टाकीसन पळी उनू.”

कलाबाईने पदर तोंडाला लावला. मग काढला.

“ते माले काय सांगतस? रघुनाथभाऊले सांगा. धुळ्यालोंग मी येस संगे.”

“सांगसू,” उखा म्हणाला.