पुराच्या रेघेखालची पूजा

दर श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण असतो आणि त्याचं पहिलं आमंत्रण मी वरच्या मजल्यावर देते. सख्ख्या भावाला नंतर कळवते. आळीतल्या बायका म्हणतात, काय बाई तुमचा शेजारधर्म. कसला शेजारधर्म नि कसलं काय. त्या माणसाला माझ्या घरात माझ्यासमोर मांडी घालून बसवल्याशिवाय मला पूजा पुरी झाल्यासारखी वाटत नाही.

आमचं घर महाडात, बाजारपेठेच्या मागच्या आळीत. खाली आम्ही, वर ते. त्यांचं पेठेत कापडाचं दुकान. वर जायला एकच जिना, बाहेरच्या अंगाने, आणि त्याच्या तोंडाशी लोखंडी जाळीचं दार. पाण्याची आम्हा महाडकरांना सवय असते. सावित्री फुगली की पाणी उंबऱ्यापर्यंत येतं, जरा टेकतं, परत जातं. आम्ही गाद्या उचलून टेबलावर टाकतो आणि चहाचं आधण ठेवतो. त्या आषाढात मात्र चहा उकळायच्या आधीच शेगडी विझली.

आमचे हे कंपनीत पाळीवर गेलेले, ते तिकडेच अडकले. घरात मी आणि सासूबाई. भर दिवसा पाणी कमरेला लागलं तेव्हा मी सासूबाईंना धरून जिन्याकडे नेलं. जाळीला आतून कुलूप. पायरीपायरीवर साड्यांचे गठ्ठे रचलेले. दुकानातला माल त्याने उजाडल्यापासून वाहून आणला होता, आणि माणसं वर चढली तर गठ्ठे तुडवतील म्हणून कुलूप लावून बसला होता. मी जाळी गदागदा हलवली. भाऊजी म्हणून हाका मारल्या, त्याच्या बायकोला वहिनी म्हणून हाका मारल्या. वरच्या खिडकीचा पडदा सरकला. या डोळ्यांनी पाहिलं मी. मग खिडकी लागली.

परत घरात शिरलो. स्वयंपाकघरावर आमचा फळ्यांचा पोटमाळा आहे, लोणच्याच्या बरण्या नि जुने पत्र्याचे डबे ठेवायचा. स्टुलावर स्टूल ठेवून सासूबाईंना कशी वर ढकलली ते माझं मला माहीत. त्यांनी तेवढ्यात देव्हाऱ्यातले देव लाडवांच्या डब्यात घातले होते. डबा मांडीवर घेऊन त्या नाव घेत बसल्या. पाणी चढत होतं. खाली आमचा फ्रिज आडवा होऊन तरंगत होता आणि डोक्यावर, स्लॅबच्या पलीकडे, त्यांच्या घरात गठ्ठे सरकवल्याचा आवाज येत होता.

मी नामस्मरण केलं नाही. मी मोठ्यांदा मागितलं, देवा, असशील तर हे पाणी वर जाऊ दे. त्यांच्या घरात शिरू दे, त्यांच्या साड्या सडू देत, त्यांच्या नाकातोंडात जाऊ दे. सासूबाईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. मी तो बाजूला केला आणि पुन्हा तेच मागितलं.

फळीच्या खाली वीतभर जागा उरली तिथे पाणी थांबलं. थांबलं ते थांबलंच, आणि संध्याकाळच्या आत उतरायला लागलं. सासूबाई डब्याला डोकं टेकवून म्हणाल्या, "थांबवलंन बघ देवानं. देव तारी त्याला कोण मारी."

मला त्या बोलण्याचा संताप आला. घरभर गुडघाभर चिखल, वर्षाचे तांदूळ कुजलेले, अंगावरच्या लुगड्याखेरीज लुगडं नाही, आणि ह्या म्हणतात देवाचे उपकार. वरच्याचा एक रुमाल भिजला नाही. मग उपकार कोणावर झाले? सासूबाई पोलादपूरकडच्या, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीतल्या. तिकडे दरड उतरली तरी आधी देवापुढे नारळ ठेवतात आणि मग फावडं हातात घेतात. त्यांनी तिथेच चिखलात उभं राहून नवस बोलला, की दर श्रावणात सत्यनारायण घालीन. मी लगेच हो म्हटलं. त्यांना वाटलं, सून देवाला लागली.

माझा हिशोब वेगळा होता. सत्यनारायणाच्या प्रसादाला नाही म्हणायची कोणाची छाती नसते. प्रसाद टाकून गेलेल्याचं काय होतं ते कथेतच दरवर्षी ऐकवतात, आणि तो तर दुकानदार माणूस. बोलावलं की झक मारत खाली येणार. घर रंगवलं तेव्हा पुढच्या खोलीतली पुराची रेघ मी रंगाऱ्याला रंगवू दिली नाही. छताच्या दोनेक हात खाली, चारी भिंतींवर मातकट पट्टा. पूजेच्या दिवशी स्टुलावर चढून मी त्या रेघेला हळदकुंकू लावते, झेंडूची माळ घालते. लोक म्हणतात, किती श्रद्धा. त्याचा पाट मी बरोबर त्या भिंतीसमोर मांडते. मान वर केली की रेघ, मान खाली घातली तर घातली. तो दरवर्षी खालीच घालतो.

त्यावरही माझं भागलं नाही. आरती झाली की नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घालायची सासूबाईंची पद्धत. देवाला साऱ्यांदेखत सांगायचं, मागायचं, आणि जमलेल्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं. सासूबाईंना दम लागायला लागला तसा नारळ माझ्या हातात आला. मी घालायची, "देवा, ज्यांनी दार लावलं त्यांचं दार सदा उघडं ठेव रे बाबा." सगळे म्हणायचे, होय महाराजा. त्यालाही म्हणावं लागायचं. ते त्याच्या तोंडून निघालं की मला वर्षभर पुरायचं.

यंदा मात्र मला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. त्याच्या मुलीला पोलादपूरचं स्थळ सांगून आलं होतं. शिक्षकांचं घर, माणसं भली. मुलाकडचे बोलणी पक्की करायला कधी येणार ते मला जिन्यावरच्या बोलण्यातून कळलं, आणि मी भटजींना सांगून पूजा त्याच दिवशी धरली. पाहुण्यांनाही आग्रहाचं आमंत्रण दिलं. ठरवलं होतं, नारळ हातात घ्यायचा आणि नाव घेऊन सांगायचं. म्हातारी बाई पाण्यात उभी असताना ज्याने साड्यांसाठी कुलूप लावलं तो हा. मग बघू कोण सोयरीक करतं ते. मुलगी तेव्हा पुण्याला शिकायला होती, तिचा यात काडीचा दोष नाही, हे मला कळत होतं. पण वचपा काढायचा म्हटलं की ओल्याबरोबर सुकंही जळतं.

सकाळी मी प्रसादाचा रवा भाजत होते. सासूबाई शेगडीशेजारी पाटावर बसून केळी सोलत होत्या. मी ओठातल्या ओठात गाऱ्हाणं घोकत होते, ते त्यांनी ऐकलं असणार.

"त्या दिवशी माळ्यावर तू काय मागितलंस गो?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही होतात की तिथे. वर पाणी जाऊ दे म्हटलं. आजही म्हणेन."

"मग देवानं का नाय दिलंन?"

"ते त्यालाच विचारा. तुमचा आहे तो."

सासूबाईंनी केळं ताटात ठेवलं. "त्यांच्या घरात पाणी जायचं तर कुठून गेलं असतं? आधी आपल्या डोक्यावरनं ना? तू आपलंच मरण मागत होतीस, दोनदा. तुझं ऐकलंन नाय, म्हणून आज तू रवा भाजत्येस. त्याचेच उपकार मानत्ये मी दरसाल. तुला वाटतं, म्हातारी खुळी हाय."

माझा हात थांबला. रव्याला करपल्याचा वास आला तेव्हा त्यांनीच गॅस बारीक केला. मला जे सुचलं ते सांगण्यासारखं नव्हतं. मला देवाचाच राग आला. माझं एवढं मोठं वैर, आणि याने मला विस्तवाकडे धावणाऱ्या पोरासारखं गप्प उचलून बाजूला ठेवलं होतं, इतक्या वर्षांत एका शब्दाने बोलला नव्हता.

पूजा झाली. खोली भरलेली. मुलाचे आईवडील पुढे बसले होते, मुलगी मोरपंखी साडी नेसून प्रसादाचे द्रोण मांडायला मला मदत करत होती. तो त्याच्या पाटावर, नेहमीसारखी मान खाली. कथा झाली, आरती झाली, नारळ माझ्या हातात आला. त्याचं नाव माझ्या जिभेवर होतं. मला खोटं बोलायचं नाही, तेव्हाही मला ते घ्यायचंच होतं. मी भिंतीकडे बघितलं. रेघ, आणि रेघेच्या वर छतापर्यंत कोरी राहिलेली पट्टी. दरवर्षी मी रेघेला कुंकू लावत आले, त्या पट्टीकडे कधी बघितलंच नव्हतं. तेवढ्याच जागेत आम्ही दोघी श्वास घेत बसलो होतो. माझं मागणं पुरं व्हायचं तर ती आधी भरायला हवी होती.

"देवा," मी म्हटलं. "त्या दिवशी मी जे मागितलं ते तू दिलं नाहीस. पुढेही माझं सगळं ऐकू नकोस. तुला कळतं तसं कर."

असलं गाऱ्हाणं कोणी ऐकलं नव्हतं. मग सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "होय महाराजा," आणि पाठोपाठ सगळे म्हणाले.

प्रसाद वाटून झाला. पाहुणे खूश होऊन वर गेले. माझं मन मात्र भरलं नव्हतं. हातातोंडाशी आलेला घास मी आपल्या हाताने सोडला होता आणि तो मला सलत होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगाच नाही. तो सगळ्यांच्या शेवटी निघाला. उंबऱ्याबाहेर चपला घालता घालता थांबला. द्रोण हातात तसाच होता.

"वहिनी, काय मागितलं होतंत तुम्ही?"

"तुम्ही बुडावंत म्हणून मागितलं होतं."

त्याने मान वर केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने ती रेघ बघितली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणाला, "तुमच्या हाका ऐकू येत होत्या. किल्ली माझ्या खिशात होती."

मला हे सगळं माहीत होतं, तरी ते त्याच्या तोंडून ऐकणं वेगळं होतं. एक थोबाडीत द्यावी असं अगदी आतून वाटलं. मागे सासूबाई लाडवांच्या त्याच डब्यात देव भरत होत्या; पुरापासून तोच त्यांचा देव्हारा झाला होता.

"प्रसाद खा," मी म्हटलं. "टाकता येत नाही तो."

त्याने उभ्या उभ्या खाल्ला. मी तो संपेपर्यंत दारात उभी राहिले, कारण मला बघायचं होतं. रवा करपला होता, त्याने तसं काही म्हटलं नाही.