भात्यावरचा हात

माझ्या पेटीवादनाबद्दल बहारीनच्या आमच्या मराठी मंडळात दोन मतं होती. एक माझं आणि एक बाकी सगळ्यांचं. बाकीचे म्हणायचे, हा माणूस गाणाऱ्याला श्वास घेऊ देत नाही. मी म्हणायचो, जळतात. सित्र्याच्या कारखान्यात आठवडाभर व्हॉल्व्ह आणि प्रेशर गेज सांभाळायचे, वरिष्ठांचं ऐकायचं, आणि गुरुवारी संध्याकाळी पेटी उघडली की पुन्हा कुणाचंतरी ऐकायचं? मला ते जमण्यासारखं नव्हतं.

त्यामुळे बाई येणार आणि त्यांच्या पेटीवाल्याचा व्हिसा अडकलाय, हे कळलं तेव्हा मला दुःख झालं असं मी म्हणणार नाही. बाई म्हणजे कोण, ते नाव न घेताही मराठी माणसाला कळेल इतकी त्यांची गाणी घराघरांत आहेत. सेक्रेटरीने फोन केला. "दुसरं कोणीच नाही, म्हणून तुला विचारतोय," तो म्हणाला. बायकोला सांगताना मी त्यातला पहिला भाग गाळला.

माझी सगळी तयारी एका गाण्यावर होती. त्यांचं सर्वांत गाजलेलं सिनेमातलं गाणं. त्यात अंतऱ्याची पहिली ओळ संपली की एक पूर्ण आवर्तन बाई गात नाहीत. कुठलंच वाद्य सूर धरत नाही, फक्त तबल्याचा ठेका चालू राहतो. मग त्या पुढची ओळ घेतात. जाणकारांनी त्या विरामावर लेख लिहिलेत. मी तो विराम भरून काढला होता. तिथे वरच्या षड्जापर्यंत जाऊन गिरक्या घेत खाली येणारी एक सुरावट मी बसवली होती, आणि मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात ती वाजवत होतो. बाई ती ऐकतील, मान वळवून माझ्याकडे बघतील, एवढंच मला आयुष्याकडून हवं होतं.

कार्यक्रम शुक्रवारी संध्याकाळी होता. सकाळी साडेआठलाच बाईंचा हूऱ्यातल्या हॉटेलवरून फोन आला. "अहो, खाली रिसेप्शनवरची केरळची मुलगी म्हणते, आज चर्चला जायचंय. आज तर शुक्रवार ना?"

मी सांगितलं, इथे सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे उपासनाही शुक्रवारीच. बाई खूश झाल्या. "म्हणजे मला या आठवड्यात दोन रविवार मिळाले! परवा घरी आहेच. मराठी उपासना असते का हो इथे?"

बाई ख्रिस्ती आहेत हे मला तोवर ठाऊक नव्हतं. त्यांच्या आवाजातल्या आरत्या आणि अंगाया ऐकत मी मोठा झालो, त्यांचा देव कुठला हा प्रश्नच कधी पडला नव्हता. कारखान्यातल्या नगरच्या एका ख्रिस्ती ड्रायव्हरला विचारलं, तेव्हा कळलं की चर्चच्या एका हॉलमध्ये साडेनऊ ते साडेदहा मराठी मंडळींची पाळी असते.

बायकोने बाईंसाठी थालीपीठं केली होती, म्हणून तीही गाडीत बसली. बाईंनी तिला विचारलं, "तुम्ही गाता का?"

"छे! मी बेसूर आहे," बायको हसत म्हणाली. "हे सांगतात ना."

आरशात बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी सिग्नलकडे पाहिलं. लग्नाच्या पहिल्या वर्षातली गोष्ट होती. मी रियाज करत होतो, ती मटार सोलता सोलता माझ्यामागून म्हणत होती, आणि मी म्हणालो होतो, "तू बेसूर आहेस गं, तू नुसती ऐक." भांडण झालं नाही. ती त्या दिवसापासून ऐकू लागली. सोळा वर्षं झाली, तिने भांडी घासतानासुद्धा कधी गुणगुणलं नाही. मला वाटायचं, समजूतदार आहे.

चर्चच्या आवारात जत्रा होती. एका हॉलमधून तमिळ बाहेर पडत होते, दुसऱ्यात फिलिपिनो शिरत होते, तेलुगू मंडळी आमच्या दारात आपल्या पाळीसाठी आधीच उभी होती. आत तीसेक माणसं. इस्पितळातल्या नर्सेस, ड्रायव्हर, दोन वेल्डर, कडेवर मुलं घेतलेल्या बायका. बाईंना ओळखून सगळे उभे राहिले. "जय ख्रिस्त, बाई!" तिथला नेहमीचा पेटीवाला शिफ्टवर होता. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हे वाजवतील. मलाही यांचा हात बघायचाय."

मला समजलं, ही परीक्षा आहे. संध्याकाळी मी बसायचं की नाही ते इथे ठरणार होतं. मी बाह्या मागे सारल्या.

पाळकांनी, म्हणजे तिथल्या पाद्र्यांनी, गीताची पहिली ओळ म्हटली. चाल साधी, आपल्या ओवीच्या जवळची. ओळ संपली आणि पाळक थांबले. मला एवढी मोकळी जागा कधी कुणी दिली नव्हती. मी तिच्यात जे जे येत होतं ते ओतलं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने तोंड उघडलं, गोंधळला, मिटलं. एका नर्सने सुरुवात केली आणि माझ्यामागून धावता धावता तिला धाप लागली. दुसरी ओळ, पुन्हा तेच. मला वाटत होतं, रंगलंय.

तिसऱ्या ओळीला बाई उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी पेटीच्या भात्यावर तळहात ठेवला.

भाता मिटला. सूर बंद. तीस माणसांसमोर माझे कान तापले. "त्यांना येऊ द्या," बाई हळूच म्हणाल्या, आणि हात तिथेच ठेवून त्यांनी पाळकांना मान हलवून खूण केली. पाळकांनी ओळ म्हटली आणि थांबले. आणि मग त्या थांबण्यात तीसच्या तीस माणसं उतरली. कुणी खाली, कुणी वर, म्हातारा ड्रायव्हर तर भलत्याच पट्टीत. बाई त्यांच्यात उभ्या राहून अगदी बारीक आवाजात गात होत्या, इतक्या बारीक की बाकीच्यांत त्या ऐकूच येऊ नयेत. माझ्या बायकोचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

"यल्ला, यल्ला! चला, टाइम खलास!" साडेदहाला तेलुगू मंडळींनी दार ठोठावलं. बाहेर कागदी पेल्यांत चहा आला. मी राग गिळत विचारलं, "बाई, संध्याकाळी मी नको का?"

"तुमचा हात छान आहे," त्या म्हणाल्या. "माझे वडील गावच्या देवळात गाणं सांगायचे. आम्ही चर्चला देऊळच म्हणायचो. निम्म्या लोकांना अक्षर येत नव्हतं. म्हणून बाबा एक ओळ म्हणायचे आणि थांबायचे, मग लोक तीच ओळ म्हणायचे. माझी आई इतकी बेसूर होती, काय सांगू! बाबा तिला पहिल्या रांगेत बसवायचे. म्हणायचे, गळा ज्याने दिला त्याला ऐकायची हौस आहे, आपण मध्ये कोण?" त्या मोठ्याने हसल्या. "विशीत सिनेमाचं गाणं गायला गेले. अंतऱ्याची ओळ म्हटली आणि सवयीने थांबले. लोक म्हणतील म्हणून. स्टुडिओत कुठले लोक! सगळे वादक माझ्या तोंडाकडे बघत राहिले. संगीतकार म्हणाले, राहू दे हे, छान आहे. तेव्हापासून थांबतेय. मी काय काय गायले हो, लावण्यासुद्धा गायले. पण त्या एका आवर्तनात मी बाबांच्या देवळात असते."

मग त्यांनी पेला ठेवला. "थांबता येत असेल तर संध्याकाळी बसा. नसेल तर मी नुसत्या तानपुऱ्यावर गाईन. मला राग नाही."

दुपारभर मी घरी सराव केला. न वाजवण्याचा. तबल्याचं ॲप लावायचं, ओळ वाजवायची आणि हात उचलायचे. डावा ऐकायचा, उजवा आपोआप पट्ट्यांवर जायचा. शेवटी मी उजव्या हातावर बसून पाहिलं. दारात उभी राहून बायको पोट धरून हसत होती. मी पुन्हा ॲप लावलं.

संध्याकाळी शाळेचा हॉल भरला होता. पुढे बँकेतले, ऑफिसांतले, मागे कंपनीच्या बसमधून आलेली कोकणातली, नगरकडची मुलं. बायको तिसऱ्या रांगेत, कडेला. सुरू करण्याआधी बाईंनी डोळे मिटले. निवेदकाला वाटलं शब्द आठवतायत, तो मदतीला धावला. मी त्याला हातानेच थांबवलं. सकाळपासून मी एवढं तरी शिकलो होतो.

ते गाणं शेवटी आलं. अंतऱ्याची ओळ संपली. मी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

एक मात्रा. दोन. कुणीच नाही. माझी बोटं शिवशिवत होती. हॉलभर तबला एकटा चालला होता आणि मला वाटलं, फसलं, आता सगळे म्हणणार पेटीवाला विसरला. तेवढ्यात मागच्या रांगांतून कुणीतरी ती ओळ उचलली. मग सगळा हॉल. आणि त्या सगळ्यांत, तिसऱ्या रांगेच्या कडेने, अर्ध्या सुराने उतरलेला एक आवाज. सोळा वर्षांनीही मी तो लगेच ओळखला. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला. बाईंनी पुढची ओळ कधी घेतली ते कळलंच नाही, मी पेटीवर दोन मात्रा उशिरा आलो. बाईंनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

कार्यक्रम संपवून आम्ही गाडीने परत सनदला, घरी निघालो. बायको म्हणाली, "ऐकू आलं का हो तुम्हाला?"

"आलं."

"बेसूर होतं ना?"

"होतं," मी म्हणालो. तिच्याशी खोटं बोलून उपयोग नसतो. "परत म्हण."

तिने काच वर केली, घसा साफ केला आणि सुरू केलं. पहिल्या ओळीनंतर ती थांबली आणि माझ्याकडे बघू लागली. मला गाता येत नाही, मी फक्त वाजवतो. पण स्टिअरिंगवर हात ठेवून मी ती ओळ म्हटली. तिने तोंड वाकडं केलं. "अहो, तुम्हीसुद्धा!" ती म्हणाली, आणि दुसरी ओळ घेतली. सिग्नल हिरवा होऊन किती वेळ झाला कोण जाणे, मागचा माणूस हॉर्न वाजवत होता.