नसलेल्यांचा वाटा

सौसरच्या आमच्या मुलींच्या शाळेत हिवाळाभर स्टाफरूमच्या टेबलावर संत्र्यांची सालं साचतात, तसेच किस्सेही. सालं आमची शिपाई गोदाबाई उचलते. किस्से कोणी उचलत नाही, म्हणून मी घेऊन बसले!

आमची एक रीत आहे. कोणीही काही खायला आणलं, की न आलेलीचा वाटा आधी बाजूला निघतो. एकदा आमच्यातल्या कमलताई रजेचा अर्ज न देताच घरी राहिल्या. त्यांचा चिवडा बशीत झाकलेला. नेमके इन्स्पेक्टर साहेब आले आणि त्यांनी बशी उघडून एक घास तोंडात टाकला. गोदाबाई ओरडली, "साहेब, तो कमलताईचा वाटा हाये!"

साहेब चावायचे थांबले. "असं? मग कमलताई कुठे आहेत?"

*

याच कमलताईंच्या माहेरी वावराची वाटणी झाली. "तुम्हाला काय मिळालं?" मी विचारलं.

"हिस्सा मांगा लागते, बाई. म्या नाही मांगितला. वाटा मायनं न मांगता ठेवला होता." आणि पिशवीतून लोणच्याची बरणी काढली. आम्ही ती मधल्या सुट्टीतच संपवली!

*

तिसरीत भागाकार चालू होता. "आठ संत्री चौघींत वाटा. एकीला किती?"

"एक," बेबी म्हणाली.

"आणि उरलेली चार?"

"माह्या ताईले. नांदाले गेली ना रामाकोन्याले!"

उत्तर चूक होतं. मी फळ्याकडे तोंड करून बराच वेळ डस्टर फिरवत राहिले.

*

माझी अडीच वर्षांची सुजाता पांढुर्ण्याला सासूबाईंजवळ असते. शाळा सकाळची, बसचा भरवसा नाही. म्हणून आठवडाभर मी इथे खोलीवर. पोरगी मला विसरली तर? पांढुर्ण्याच्या बसचा कंडक्टर तिथल्या आमच्याच गल्लीतला. त्याला रोज गाठते. "तिला ताप-बीप नाही ना?"

"मॅडम, मी तिकिटं फाडतो. ताप नाही पाहात!"

*

मागच्या रविवारी मी घरी गेले, तेव्हा सुजाता संत्र्याच्या फोडी वाटून राहिली होती. "हे आजीची. हे बाबाची. हे माही."

मी हात पुढे केला. "आणि आईची?"

"तुही कायची? तू तं हायेस ना!"

सासूबाई हसल्या. "रोज पोरगी तुह्या नावाची फोड वाटीत काढून ठेवते. कोनाले हात लावू देत नाही. आज कायले ठेवीन?"

संध्याकाळी बसची वेळ झाली. मी बॅग उचलली, चपला घातल्या. सुजाता रडली नाही. तिनं आजीच्या हातातलं संत्रं ओढून घेतलं, एक फोड काढली आणि वाटीत ठेवली.