झिपरू आबाचं सुतक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर आता ऐकण्यापलीकडे गेली. तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

नव्वद सालच्या आसपास माझं लग्न यावलच्या एका तालेवार घरात ठरत होतं. माणसं भारी चौकस. कूळ विचारलं, देवक विचारलं, मग म्हणाले, वंशावळ दाखवा. पारोळ्याकडच्या आमच्या गावात मोडी वाचणारा मी एकटाच — धुळ्याला कॉलेजात असताना हौसेनं शिकलो होतो, आणि त्याची ऐटही होती. तालुक्याच्या कचेरीतली जुनी खानेसुमारी, लग्नांच्या नोंदी चाळायला वडिलांनी मलाच पाठवलं.

निघायच्या आदल्या दिवशी झिपरू आबा आला. गावाच्या कडेला एकटा राहायचा, मजुरी करायचा. आपण तुमच्याच कुळीतले, असं त्याची आजी सांगायची म्हणे. गाव हसायचं, मीही हसायचो. ओट्यावर न चढता खालीच उभा राहून म्हणाला,

“भाऊ, माले वावरना वाटा नको. मी मरनू ते मनं सुतक कोन धरी, इतलंच देखी दे.”

माणूस मागून मागून काय मागतो? दहा दिवसांचं सुतक.

आणि — ते होतं हो. पणजोबांच्या नावाखाली पाटाची बायको, म्हणजे ज्या विधवेशी त्यांनी पुन्हा लग्न लावलं ती. तिच्याखाली तिचा मुलगा. तोच झिपरू आबाचा बाप. म्हणजे आबा माझ्या वडिलांचा सख्खा चुलतभाऊ. अक्षर स्वच्छ होतं. वाचण्यात चूक झाली, असं म्हणायचीही सोय नाही.

मग मी काय केलं? यावलवाले पाटाच्या नावानं नाक मुरडायचे. लग्न मोडेल अशी भीती वाटली. मुलगी मला आवडली होती — पण जाऊ द्या, ती सबब झाली. घरी सांगितलं, असं नाव कुठेच नाही. आबालाही तेच सांगितलं. तो “बरं भाऊ” म्हणाला आणि गेला. भांडला असता तर मला सोपं गेलं असतं.

मांडवावर घालायला जांभळीच्या डहाळ्या त्यानंच आणल्या. तो भाऊबंदांचा मान. त्याला आम्ही मजुरी दिली. आणि हळदीच्या सकाळी निरोप आला — झिपरू आबा गेला.

वडील थबकले. सुतक लागलं तर लग्न पुढे जाणार. चार माणसांदेखत त्यांनी मला विचारलं, “त्यानं कोनी व्हतं का रे? कागद ते तूच देखेल शेतस.”

मी म्हणालो, कोणी नव्हतं.

अंगावरची हळद अजून ओली होती. गावानं त्याला नेलं. प्रेत दारावरून जाईपर्यंत आम्ही वाजंत्री थांबवली, तेवढंच.

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी पितरांची घागर भरतो. पणजोबा, आजोबा, वडील — एकेकाचं नाव घेऊन पाणी सोडतो. मग थांबतो. मुलगी तिच्या सासरी, घरात मी एकटा. ऐकायला आहे कोण? तरी त्याचं नाव मी अजून एकदाही मोठ्यानं घेतलेलं नाही.