देवी जेवत होती तोवर

मी देवळात जातो तो बहुतेक वेळा कुणाला तरी सोबत म्हणून. त्यामुळे असला अनुभव लिहिण्याचा अधिकार मला कितपत आहे, ही शंकाच आहे. तरी घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात माल तपासून पास करण्याचं काम माझ्या हाताखाली चालतं. उन्हाळ्यात आमचा एक अख्खा लॉट गिऱ्हाइकाकडून परत आला. भोकं किंचित लहान पडली होती, त्यांत पिन जात नव्हती. लॉट साहेबरावने काढलेला. सतरा वर्षं एकाच मशीनवर उभा असलेला माणूस, पण अजून ठेकेदाराच्याच हजेरीवर, म्हणजे काढायला चौकशीसुद्धा लागत नाही. थोरली मुलगी बारावीला. काय कारवाई केली ते गिऱ्हाइकाला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. मी नुकताच पुण्याच्या एका हॉटेलात नेतृत्वाच्या शिबिराला जाऊन आलो होतो. चांगला नेता निर्णय तत्काळ घेतो, हे तिथे एका कोटवाल्या गृहस्थांनी दोन दिवस सावकाश समजावून सांगितलं होतं. मी तत्काळ निर्णय घेतला. उद्या तीनला पाळी सुटताना साहेबरावचा गेटपास काढून घ्या, मला परत विचारू नका, असं कामगार अधिकाऱ्याला सांगून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी माझी रजा होती. आईचं डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं म्हणून तिने गावच्या देवीला पुरणाचा नैवेद्य बोलला होता. गाव सोनईच्या पुढे. देऊळ लहान, पण समोर नवी कमान झाली आहे. तिच्यावर देणगीदारांची नावं देवीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत आहेत. आमच्या या देवळाची एक रीत आहे. नैवेद्य दाखवायला घेतला की गाभाऱ्याचा पडदा ओढतात, अंगणाचं दार लोटतात, मोबाईल गुरवाच्या बायकोच्या टोपलीत जातात आणि देवीचं जेवण होईपर्यंत कुणी जागचं उठत नाही. पाहुणा ताटावर असताना यजमानाने उठू नये, इतकं साधं त्याचं कारण. एरवी दहा मिनिटांचं काम. त्या दिवशी पौर्णिमा निघाली. साठ-सत्तर ताटं आली होती आणि गुरव एकेक ताट वेगळं दाखवत होता. मी सारखा मनगटाकडे बघत होतो. शेजारी एक म्हातारा बसला होता. काष्टीकडचा, लेकीकडे आलेला. तो हळूच म्हणाला, “पावनं, घड्याळ काय बघताय? देवी हाय ती, एस्टी न्हाई.”

मग वेळ जावा म्हणून तोच बोलत राहिला. त्याच्याकडे एक बैल होता, नांगराला जुंपला की मध्येच बसायचा. याने दोन-चार दिवस मारून पाहिलं आणि रागाच्या भरात काष्टीच्या बाजारात नेऊन विकला. दुसरा आणला, तर तोही आठवड्यात तसाच बसायला लागला. तेव्हा कुठे याने जू उलटं करून पाहिलं. खालून एक खिळा वर आला होता. “बैल इकला अन् मंग जू बघितलं,” तो म्हणाला. “लई गुनी बैल हुता.”

पडद्याआड ताटांचा आवाज येत होता. करायला काही नव्हतं, कुणाला फोन करता येत नव्हता, आणि कितीतरी दिवसांनी मी नुसता बसलो होतो. तेव्हा मला गेज आठवलं. भोकाचं माप ज्याने बघतात ते. झिजलं तर लहान भोकातही आरामात जातं आणि वाईट माल चांगला ठरतो. साहेबरावच्या गेजची तपासणीला पाठवायची तारीख उलटून गेली होती. माल घाईचा होता म्हणून ‘पुढच्या महिन्यात पाठवू’ असा शेरा मारून ते मीच थांबवलं होतं. सही माझी. ही गोष्ट मी लपवली नव्हती. ती आठवायला लागेल इतका वेळ मी स्वतःला दिला नव्हता, एवढंच.

मग मात्र बसवेना. उठलो असतो तर कुणी धरलं नसतं, पण आई डोळे मिटून बसली होती. पडदा सरकला तेव्हा अडीच वाजून गेले होते. टोपलीतून मोबाईल काढून कामगार अधिकाऱ्याला फोन लावला आणि तो पहिल्या झटक्यात लागला. त्या गावात हे एक नवलच. गेटपास राहू द्या म्हणालो. चमत्काराच्या गोष्टींत सल्ला देणारा अनोळखी माणूस नंतर दिसेनासा होतो. माझा म्हातारा पंगतीत बसून दुसऱ्यांदा भात मागत होता. मी त्याच्या पाया पडलो. तो म्हणाला, “आमटी घ्या आधी, संपतीय.”

दुसऱ्या दिवशी गेज तपासलं. झिजलेलंच होतं. मालकांना जाऊन सांगितलं की चूक माझी. ते जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण बरोबर होतं. नंतर साहेबरावच्या मशीनपाशी गेलो, झालेलं सगळं सांगितलं आणि माफी मागितली. त्याने मशीन बंद केलं, हात पुसले.

“गेज सैल जातंय, हे सांगाया दोनदा आल्तो साहेब,” तो म्हणाला. “तुमी चालत चालतच व्हय व्हय म्हनला.”

देवीने माझ्यासाठी काही केलं, असं म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही. तिने सावकाश जेवण केलं आणि मला बसवून ठेवलं. तेवढ्याने एका माणसाचं काम राहिलं, आणि त्याबद्दल तिचे उपकार मी मनापासून मानतो. शरण जाणं म्हणजे काय, हे जाणकारांनी सांगावं. मी पाळी सुरू झाली की साहेबरावपाशी जाऊन उभा राहतो. बहुतेक दिवशी त्याला सांगायचं काही नसतं. तो मान हलवतो, मग मी पुढे जातो.