दवाखान्याचं आडनाव

"मावशी, आई गेली," एवढंच मंगलची लेक प्राजक्ता फोनवर म्हणाली, मागे हॉर्न वाजत होते... घाटकोपरच्या टेकडीवरून मंगलला खाली आणता आणताच उशीर झाला होता. भर दुपारी मंगलच्या छातीत कळ आली, शेजाऱ्यांनी रिक्षात घातली, तर उतारावर पाण्याचा टँकर अडकलेला. रिक्षा पुढे जाईना, मागे जाईना. आणि मंगलच्या दारात उभं राहिलं की समोर दवाखाना दिसतो. नवाकोरा, रंग दिलेला, आत तपासणीचं टेबल आहे, ऑक्सिजनचं नळकांडं आहे, दाराला कुलूप आहे. तिथे डॉक्टर असता तर ती वाचलीच असती असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण कुणीतरी तिची नाडी तरी पाहिली असती. दीड महिना होत आला, लोक मला म्हणतात, रडून मोकळी हो. मला रडू येत नाही, संताप येतो, आणि स्मृतिलेखात तो शोभत नसेल तर नसो.

आम्ही दोघी त्या वस्तीतल्या बालवाडीत शिकवायचो. मी पुढे मुलुंडला राहायला गेले, ती टेकडीवरच राहिली. माहेरची ती परब, मालवणकडची, वडील गिरणीत. लग्न केलं प्रकाश साळवेशी, बौद्ध घरात. दोघं भाड्याने खोली बघत हिंडत तेव्हा आडनाव ऐकलं की मालकाची खोली अचानक "कालच गेली" व्हायची. त्यामुळे आडनाव म्हणजे काय असतं हे मंगलला कुणी शिकवायची गरज नव्हती. "जातपात विसरा" असं गोड गोड ती कधी बोलली नाही. ज्यांना सोसावं लागतं त्यांनी विसरायचं, आणि करणाऱ्यांनी नाही, हे तिला मान्य नव्हतं.

दवाखाना तिनेच आणला. म्हणजे बायकांनी आणला, पण पुढे ती. अर्ज देऊन काही होईना, तेव्हा तिने एका साहेबांना गोड बोलून टेकडी चढायला लावली. अर्ध्यावर त्यांना धाप लागली, तर ही शांतपणे म्हणाली, "बसा साहेब. आता पोटुशी बाई इथून कशी उतरते, ते जरा मनात आणा." त्या दिवशी तिच्या मागे कोकणातल्या बायका होत्या, बौद्ध बायका होत्या, उत्तरेकडून आलेल्या होत्या. सगळ्यांच्या कडेवर पोरं, आणि पोरांची नाकं सारखीच वाहत होती.

इमारत उभी राहिली आणि पाटीचा प्रश्न निघाला. एका मंडळाला एका संताचं नाव हवं, दुसऱ्याला एका महापुरुषाचं. दोन्ही नावं अशी की आपण हात जोडावेत. पण ज्यांनी जन्मभर माणसांसाठी हाडं झिजवली, त्यांच्याच नावाचं कुलूप करायचं म्हणजे काय? वरून सांगण्यात आलं की आधी आपसात मिटवा, मग उद्घाटन. वरच्यांची तर सुंठीवाचून खोकला गेला अशी गत. डॉक्टर नेमायला नको, औषधं पुरवायला नकोत, आणि दोन्ही मंडळांच्या फ्लेक्सवर फोटो मात्र यांचेच. एका बैठकीला मी होते. मंडळाचा एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "ताई, हा आमच्या अस्मितेचा प्रश्न आहे." मंगल म्हणाली, "असू दे ना. पण अस्मितेला ताप आला तर नेतोस कुठं रे?" सगळे हसले. हसले आणि आपापल्या घोषणा देत पांगले. घरी येताना ती मालवणीत पुटपुटत होती, रागावली की तिची मालवणी बाहेर पडायची, "ह्येंका दवाखानो नको गे, पाटी होयी."

शोकसभा त्या बंद दवाखान्याच्या पायऱ्यांसमोर झाली. दोन्ही मंडळं पहिल्यांदाच एका सतरंजीवर बसली. भाषणं चांगली झाली, खोटी नव्हती. माणसं खरंच रडत होती. आणि कुणीतरी उठून म्हणालं की वाद पुरे, दवाखान्याला मंगलताईंचंच नाव देऊ. टाळ्या पडल्या. मीही टाळी वाजवली... क्षणभर वाटलं, जाऊन तरी ही बाई काम करून गेली. मग मागून आवाज आला, "पण पाटीवर परब की साळवे?"

सतरंजी बघता बघता दुभंगली. एक म्हणे, ती आमची लेक, दुसरे म्हणे, ती आमची सून. प्राजक्ता मान खाली घालून बसली होती. शेवटी सगळे माझ्याकडे वळले, तुम्ही मैत्रीण, तुम्हीच सांगा. मी उभी राहिले. म्हटलं, "तिचं नावच घालू नका. डॉक्टर किती ते किती बसणार, तेवढी वेळ पाटीवर लिहा."

"ते बघू हो नंतर," पहिल्या रांगेतला एकजण समजुतीने म्हणाला. "आधी आडनाव सांगा."